अवयवदान : धडा शाळेत, निर्णय घरात

राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या पुस्तकात पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान या प्रकरणाखाली अवयव प्रत्यारोपण, अवयवदान आणि देहदान यांची ओळख करून दिलेली आहे. २०१८ साली हे पुस्तक अभ्यासक्रमात आले. तेव्हापासून मुंबईतील नामांकित शाळेचा विद्यार्थी आणि शहापूर तालुक्यातील डोळखांब परिसरातील आश्रमशाळेचा विद्यार्थी हा धडा सारखाच वाचतात आणि त्यावरील प्रश्नाचे उत्तरही सारखेच लिहितात. मात्र शाळेच्या बाहेर पडल्यावर या दोघांच्या वाट्याला येणारे जग सारखे नसते. अवयवदानाविषयीची तरुणांची वृत्ती शिक्षणाने घडते, असे मानून शासन आणि स्वयंसेवी संस्था शाळा-महाविद्यालयांकडे मोठ्या आशेने पाहत आहेत. ही आशा कितपत खरी आहे, याची परीक्षा शहरातील सभागृहांपेक्षा डोळखांबसारख्या गावात अधिक कसून होते.

प्रश्न निकडीचा आहे. २०२४ मध्ये देशात १८ हजार ९०० हून अधिक अवयव प्रत्यारोपणे झाली. एका वर्षातील हा तोपर्यंतचा उच्चांक होता. मात्र त्यासाठी मृत्यूनंतर अवयव देणाऱ्या दात्यांची संख्या जेमतेम अकराशेच्या घरात होती. म्हणजे दर दहा लाख लोकसंख्येमागे एक दाताही नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण पन्नासच्या आसपास आहे. आपल्याकडील बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत नातेवाइकाने दिलेल्या मूत्रपिंडावर किंवा यकृताच्या भागावर अवलंबून आहेत. ज्याला असा नातेवाईक नाही, त्याला प्रतीक्षायादीत थांबण्यावाचून गत्यंतर नाही.

पुस्तक कोठवर नेते?

शिक्षणाने काहीच साधत नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. एका पिढीपूर्वी 'अवयवदान' हा शब्दही ग्रामीण भागात फारसा कानी पडत नसे. आज दहावी झालेल्या मुलामुलींना कोणते अवयव देता येतात, त्यासाठी १९९४ चा कायदा आहे, अवयवांची विक्री हा गुन्हा आहे, एवढे तरी ठाऊक असते. अवयव दिला तर पुढच्या जन्मी तो अवयव नसतो, या समजुतीला तरुण पिढी सहसा थारा देत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याआधी कितीतरी वर्षे शाळाशाळांतून चाललेल्या विवेकाच्या प्रबोधनाचाही या बदलात वाटा आहे.

परंतु माहिती आणि वृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वृत्ती आणि कृती यांतील अंतर तर त्याहूनही मोठे आहे. देशातील अनेक महाविद्यालयांत, वैद्यकीय महाविद्यालयांतही, झालेल्या पाहण्यांतून एकच चित्र पुन्हा पुन्हा समोर येते. अवयवदान चांगले, असे म्हणणारे विद्यार्थी बहुसंख्य असतात. प्रत्यक्ष प्रतिज्ञापत्र भरणारे थोडे असतात आणि त्याबाबत घरी बोललेले त्याहूनही थोडे असतात.

दहावीच्या विद्यार्थ्याबाबत तर कायद्याचीच अडचण आहे. प्रतिज्ञा घेण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. धडा पंधराव्या-सोळाव्या वर्षी शिकविला जातो आणि निर्णयाचा अधिकार दोन-तीन वर्षांनी मिळतो. तोवर ग्रामीण भागातील बरीच मुले शाळेबाहेर पडलेली असतात. अठरा वर्षांखालील मुलगा मेंदूमृत झाल्यास संमती देण्याचा अधिकार आई किंवा वडिलांना आहे. ज्या आई-वडिलांनी हा धडा कधी पाहिलेला नाही, त्यांच्यावरच हा निर्णय सोपविलेला आहे.

अफवेचीही एक शाळा

डोळखांब हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. एका बाजूला आजोबा पर्वत, वरच्या अंगाला घाटघर, आणि आजूबाजूला डोंगरउतारावर विखुरलेले ठाकूर, कातकरी व महादेव कोळी समाजाचे पाडे. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यातील अनेक विद्यार्थी घरातील पहिलीच शिकणारी पिढी आहेत. पाड्यावर पाठ्यपुस्तक पोहोचते ते विद्यार्थ्याच्या दप्तरातून. मोबाइलवरील संदेश मात्र घराघरांत थेट पोहोचतात.

या संदेशांनी काय घडू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची हत्या झाली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत त्या भागात मुले पळविणाऱ्या आणि माणसांचे अवयव काढून नेणाऱ्या टोळ्या फिरत असल्याची अफवा पसरली होती. पालघर हा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. शहापूरच्या सीमेपलीकडील हा आदिवासी पट्टा समाजरचनेच्या दृष्टीने शहापूरहून फारसा निराळा नाही.

म्हणजेच, 'अवयव' हा शब्द अनेक घरांत 'दान' या शब्दासोबत आलेलाच नाही. तो आला तो चोरीच्या भयासोबत. या भयाला निव्वळ अज्ञान म्हणून झटकून टाकणेही योग्य नाही. गुडगाव येथील मूत्रपिंड विक्रीचे प्रकरण २००८ साली देशभर गाजले. २०१६ साली मुंबईत पवई येथील एका मोठ्या खासगी रुग्णालयातील मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या गैरव्यवहाराचे प्रकरण उघडकीस आले आणि डॉक्टरांनाही अटक झाली. गरिबाचे मूत्रपिंड श्रीमंताकडे जाते, ही धारणा अशा बातम्यांमधून बळावली. शाळेतील धडा या धारणेला उत्तर देणार नसेल, तर विद्यार्थी परीक्षेत एक लिहील आणि घरी दुसरेच मानील.

विश्वास रुग्णालयात घडतो

अवयवदानाचा निर्णय शेवटी रुग्णालयात होतो. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांसारखे अवयव देता येतात ते प्रामुख्याने मेंदूमृत्यूच्या स्थितीत. अपघातात डोक्याला गंभीर इजा झालेला किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला रुग्ण अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असतानाच ही स्थिती निश्चित करता येते. गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय असण्याचा प्रश्नच नाही. मुंबई-नाशिक महामार्गावर किंवा कसारा घाटात अपघात झाला, तर गंभीर जखमीला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढे ठाणे वा मुंबईकडे हलविले जाते. डोळखांबच्या कुटुंबावर अवयवदानाचा निर्णय घेण्याची वेळ आलीच, तर ती घरापासून दूर, परक्या शहरात, अनोळखी भाषेच्या कागदपत्रांसमोर येते.

अशा वेळी समोर बसलेले कुटुंब शाळेतील धडा आठवत नाही. आजवर आरोग्य यंत्रणेने आपल्याला कसे वागविले, हे ते आठवते. पावसाळ्यात गरोदर महिलेला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या घटना शहापूरच्या पाड्यांतून वारंवार समोर आल्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये शहापूरकडील रुग्णांचाही समावेश होता. जिवंतपणी ज्याला वेळेवर खाट मिळाली नाही, त्याच्या मृत्यूनंतर अचानक अनेक डॉक्टर आदराने बोलू लागले, तर नातेवाइकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे.

या भागाच्या मनात आणखी एक हिशेब आहे. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. 'आमच्याकडून घेतात, आम्हाला काय मिळते?' हा प्रश्न येथील तरुणाला कोणी शिकवावा लागत नाही. अवयवदानाचे आवाहन घेऊन येणाऱ्या शहरी कार्यकर्त्याला या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागेल.

स्पेनचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. मृत व्यक्तीने जिवंतपणी नकार दिला नसेल तर तिची संमती गृहीत धरणारा कायदा त्या देशाने १९७९ सालीच केला. पण दात्यांची संख्या वाढली ती १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाल्यानंतर, रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेल्यावर. कायदा असूनही तेथे आजही कुटुंबाला विचारले जाते. फरक एवढाच की, विचारणारी व्यक्ती त्या कामासाठी तयार झालेली असते आणि अतिदक्षता विभागाशी जोडलेली असते. तमिळनाडूतही २००८ साली एका १५ वर्षांच्या अपघातग्रस्त मुलाच्या डॉक्टर आई-वडिलांनी त्याचे अवयव दिले आणि त्या राज्यातील चळवळीला वेग आला. त्या घटनेने जनमत हलले, हे खरेच. पण ते टिकले, कारण त्याच सुमारास राज्याने अवयवांच्या वाटपाची पारदर्शक पद्धत उभी केली होती.

घरात शब्द कोणाचा?

आपल्याकडे प्रतिज्ञापत्र भरलेले असले तरी नातेवाइकांच्या संमतीशिवाय रुग्णालये पुढे जात नाहीत. सप्टेंबर २०२३ पासून आधारशी जोडलेली राष्ट्रीय ऑनलाइन नोंदणी सुरू झाली आहे. वाहन चालविण्याच्या परवान्याच्या अर्जातही अवयवदानाविषयी विचारणा असते. अठरा वर्षे पूर्ण होताच दुचाकीचा परवाना काढणाऱ्या ग्रामीण तरुणापुढे हा प्रश्न पहिल्यांदा कागदावर येतो तो बहुधा येथेच. अनेकदा तो अर्ज एखादा एजंट भरतो आणि उत्तर काय लिहिले गेले, हे अर्जदाराला ठाऊकही नसते.

म्हणून शिक्षणाचे खरे मोल प्रतिज्ञापत्रांच्या संख्येवर मोजता येणार नाही. त्या कठीण प्रसंगी कुटुंबात एक तरी माणूस असा आहे का, ज्याला मेंदूमृत्यू आणि कोमा यांतील फरक समजावून सांगता येईल, हा खरा प्रश्न आहे. कोमातील रुग्ण जिवंत असतो आणि बरा होऊ शकतो. मेंदूमृत व्यक्ती मृत असते. तिची छाती वरखाली होते ती यंत्रामुळे. हृदयाला स्वतःची विद्युत लय असल्याने प्राणवायू मिळत असेपर्यंत ते काही काळ धडधडत राहते. अंग उबदार असते. नाडी लागते. अशा देहाकडे पाहून 'तो गेला' हे मान्य करणे शिकलेल्या माणसालाही जड जाते. पाड्यावरच्या आजोबांना ते जड गेले, तर त्यात नवल काय?

कायद्याने येथे कडक बंधने घातली आहेत. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने ठरवावा लागतो. किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या कराव्या लागतात. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील डॉक्टर या मंडळात नसतो. अवयव कोणाला द्यावयाचा, हे ठाणे-मुंबई परिसरात २००० साली स्थापन झालेल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीवरून ठरते. अवयवांच्या नावाखाली घरच्यांकडून पैसे घेतले जात नाहीत आणि त्यांना दिलेही जात नाहीत. अवयव काढल्यानंतर देह नीट शिवून सन्मानाने अंत्यविधीसाठी सोपविला जातो. या पाच-सहा गोष्टी आपल्या बोलीत सांगू शकणारी मुलगी किंवा मुलगा घरात असेल, तर पुस्तकातला धडा घरी पोहोचला, असे म्हणता येईल.

मात्र ज्येष्ठांच्या बैठकीत तरुणाचा, त्यातही तरुणीचा शब्द कितपत चालतो? औषधाच्या चिठ्ठीपासून सातबाऱ्यापर्यंत सर्व कागद वाचून दाखविण्याचे काम शिकलेल्या मुलांकडे असते. निर्णय मात्र वडीलधाऱ्यांचा असतो. शिक्षणाने मुलांना माहिती दिली. ती घरात मांडण्याचे बळ देण्याचे काम अजून बाकी आहे. मुलींच्या बाबतीत तर दुहेरी विसंगती आहे. २०२३ मध्ये देशातील जिवंत दात्यांत सुमारे ६३ टक्के स्त्रिया होत्या. अवयव देण्याची वेळ आली की पत्नी, आई, बहीण पुढे होते किंवा केली जाते. निर्णयाच्या बैठकीत मात्र तिला जागा नसते. 'दान' या शब्दामागे इच्छा किती आणि दडपण किती, हा प्रश्नही वर्गात विचारला गेला पाहिजे. अवयवदानाचे शिक्षण म्हणजे केवळ होकाराचे शिक्षण नव्हे. समजून दिलेला नकारही त्यात मान्य असायला हवा. तसे झाले तरच होकाराला अर्थ उरेल.

नेत्रदान : गावातून जाणारी वाट

डोळखांबसारख्या गावात अवयवदानाचा धडा प्रत्यक्षात उतरण्याची पहिली शक्यता नेत्रदानाची आहे. त्यासाठी व्हेंटिलेटर लागत नाही. मृत्यू घरी झाला तरी चालतो. वयाची अट नाही. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या गोष्टी आड येत नाहीत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपटल काढले जाणे मात्र आवश्यक असते. तोवर पापण्या मिटवाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीने थोडे उंच ठेवावे, एवढे घरच्यांनी करावयाचे असते. ही कामे दहावीचा विद्यार्थीही करू शकतो. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात पाळल्या जाणाऱ्या नेत्रदान पंधरवड्यात शाळांमधून फेऱ्या निघतात आणि घोषणा दिल्या जातात. त्याऐवजी ही चार कामे प्रत्यक्ष करून दाखविली आणि नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिला, तर अधिक उपयोग होईल.

अडचण अंतराची आहे. ऐन पावसाळ्यात रात्री पाड्यावर मृत्यू झाला, तर शहरातून निघालेले पथक सहा तासांत तेथे पोहोचणे कठीण. शासनाला शाळांतून दाते घडवावयाचे असतील, तर नेत्रपटल काढण्याचे प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी किमान तालुक्याच्या रुग्णालयात चोवीस तास असला पाहिजे. कुटुंबाने होकार दिला आणि पथकच आले नाही, तर ते कुटुंब पुन्हा होकार देणार नाही. शेजारचेही देणार नाहीत.

घेणाऱ्यांच्या रांगेत गाव कोठे?

विश्वासाचा शेवटचा धागा परतफेडीचा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा समावेश आहे. २०२३ साली त्यासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. पण शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर घ्यावी लागणारी औषधे, वारंवार करावयाच्या तपासण्या आणि शहरात राहण्याचा खर्च यांपुढे शेतमजुराचे घर टिकत नाही. मुंबई परिसरातील बहुसंख्य प्रत्यारोपणे खासगी रुग्णालयांत होतात, ही वस्तुस्थिती आहे. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याहून आणलेल्या हृदयाचे मुलुंडच्या रुग्णालयात यशस्वी प्रत्यारोपण झाले. १९६८ साली केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलेल्या धाडसी प्रयत्नानंतर मुंबईला मिळालेले हे मोठे यश होते. आसनगावहून सुटणारी लोकल याच मुलुंडवरून जाते. तरीही डोळखांबच्या रुग्णासाठी ते रुग्णालय दूरच राहते.

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेने ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यांना दिलेल्या सूचनांत प्रतीक्षायादीतील महिलांना आणि मृत दात्यांच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य द्यावे, असे सुचविले. ही दिशा योग्य आहे. दिलेल्याची नोंद कोठेतरी राहते, ही खात्री गावाला मिळाली पाहिजे. सार्वजनिक रुग्णालयांतील प्रत्यारोपण केंद्रे वाढली आणि ग्रामीण रुग्णांची नावे प्रतीक्षायादीत दिसू लागली, तर वर्गातील शिक्षकाला वेगळे प्रबोधन करावे लागणार नाही. आपल्याच तालुक्यातील एखादा माणूस नवे मूत्रपिंड घेऊन घरी परतला, ही बातमी कोणत्याही व्याख्यानाहून प्रभावी ठरेल.

अवयवदानाचा धडा अभ्यासक्रमात आणून शिक्षण खात्याने आपल्या वाट्याचे पहिले काम केले आहे. तो धडा परीक्षेतील काही गुणांपुरता राहू नये, यासाठी पालकसभेत मेंदूमृत्यू समजावून सांगणे, अफवांवर वर्गात उघड चर्चा करणे आणि स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांना शाळेशी जोडणे ही कामे शाळा करू शकतात. उर्वरित जबाबदारी आरोग्य खात्याची आहे. डोळखांबच्या तरुणाने काय द्यावे, हे त्याला शिकविले जात आहे. त्याला आणि त्याच्या घरच्यांना वेळेवर रुग्णवाहिका, खाट आणि डॉक्टर मिळतात की नाही, यावर तो काय शिकेल हे ठरणार आहे.